‘सीटिंग डेप्थ’ म्हणजे ‘गोळीची खोली’ का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘रायफलची काडतुसे हाताने भरण्याविषयी मराठीत टिपण लिहितो आहे. बुलेट सीटिंग डेप्थला “गोळीची खोली” म्हटले आणि “काडतूसाची लांबी मोजून गोळीची खोली ठरवा” असे वाक्य केले. वाचणाऱ्यांना अर्थबोध झाला नाही. “गोळीची बैठक” जास्त बरे का?’

दोन्ही नकोत. ‘खोली’ म्हटल्यावर आधी चार भिंती आठवतात ही अडचण किरकोळ आहे. विहिरीची खोली म्हटल्यावर कुणी दार-खिडकी शोधत नाही. अडचण आहे ती षष्ठीची. विहिरीची खोली म्हणजे विहीर किती खोल ते. गोळी स्वतः खोल नसते, ती दुसऱ्या कशात तरी खोलवर बसलेली असते. ‘गोळीची खोली’ म्हणताच ते दुसरे काहीतरी, म्हणजे पुंगळी (काडतुसाचे धातूचे नळकांडे), वाक्यातून गळून पडते आणि वाचणारा अडखळतो. ‘बैठक’ची गत वेगळी. यंत्रांच्या भाषेत व्हॉल्व्हची बैठक म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती जागा. तसे पाहिले तर गोळीची बैठक म्हणजे पुंगळीचा गळा झाला. तुम्हाला जागा नको आहे, अंतर हवे आहे.

मराठीत अशा वेळी नामापेक्षा क्रियापद जास्त कामाचे असते. अंगठीत खडा बसवतात, चौकटीत काच बसवतात, तशी पुंगळीत गोळी बसवायची. फक्त प्रयोजक रूप सोडू नका. ‘गोळी बसली’ हे आपल्याकडे ‘वर्मी बसली’च्या वळणाने जाते आणि वाक्यात विनाकारण कुणीतरी जखमी होतो. ‘गोळी ११ मि.मी. आत बसवली’ असे लिहिले की कुणालाही शंका येणार नाही.

पण शब्द बदलून भागणार नाही, कारण हा घोळ इंग्रजीतच आहे. काडतुसे भरणारे लोक ‘सीटिंग डेप्थ’ या एकाच नावाखाली निदान तीन मापे बोलतात. आपण मराठीत लिहिताना ती तीन वेगळ्या नावांनी लिहिली तर मूळ भाषेपेक्षा आपले लेखन स्पष्ट होईल.

पहिले माप शब्दशः अर्थाचे: गोळीचे बूड पुंगळीच्या तोंडापासून किती आत गेले. तयार काडतुसात हे दिसत नाही, म्हणून हिशेबाने काढतात. पुंगळीची लांबी अधिक गोळीची लांबी, वजा तयार काडतुसाची एकूण लांबी. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात पुंगळी साधारण ५१ मि.मी., एकूण लांबी ७१. गोळी ३१ मि.मी.ची घेतली तर ११ मि.मी. आत. याला ‘आत गेलेली लांबी’ म्हणा. शब्द लांबडा आहे, पण फसवत नाही.

दुसरे माप म्हणजे पुंगळीच्या बुडापासून पुढची लांबी, आणि इथे खरी गंमत आहे. कॅलिपरच्या जबड्यात काडतूस धरून बूड ते टोक मोजले की ‘एकूण लांबी’ मिळते. (आपल्या यंत्रशाळांत आकडे दाखवणाऱ्या डिजिटल कॅलिपरलाही ‘व्हर्नियर’च म्हणतात, तेच लिहिले तरी बिघडत नाही.) काडतूस मॅगझिनमध्ये मावते की नाही हे या मापावरून कळते. पण गोळ्यांची टोके एकसारखी नसतात. मऊ शिशाची टोके चेपतात, पोकळ टोकांच्या कडा वेड्यावाकड्या असतात. त्यात गोळी बसवणाऱ्या डायमधला दांडा टोकाला लागतच नाही, तो गोळीच्या निमुळत्या भागावर टेकतो. म्हणजे डायने गोळ्या अगदी सारख्या बसवल्या तरी टोकापर्यंतचे आकडे खालीवर होतात आणि नवखा माणूस डायला दोष देतो.

म्हणून मोजतात ते त्या निमुळत्या वळणापर्यंत. या वळणाला इंग्रजीत जे ‘ओजाइव्ह’ म्हणतात तो शब्द फ्रेंचमधून, टोकदार कमानींच्या वास्तुकलेतून आला आहे. तेव्हा ‘कमान’ हा शब्द नुसता चालेल असे नाही, तो मुळाशीही जुळतो. ‘कमानीपर्यंतची लांबी’ लिहा. मात्र कमान हा बिंदू नव्हे. कॅलिपरच्या जबड्यावर भोक असलेली एक जोड लावतात, तिला कंपॅरेटर म्हणतात. त्या भोकात कमान जिथे अडेल तिथपर्यंतचे माप येते. भोक थोडे लहान-मोठे असले की आकडा बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या कंपॅरेटरवरचा आकडा आपल्या टिपणात उतरवून घेण्यात अर्थ नाही. तुलना एकाच साधनावरच्या आकड्यांची करायची.

तिसरे माप: काडतूस रायफलमध्ये बसल्यावर गोळीची कमान आणि नळीतल्या कंगोऱ्यांची सुरुवात यांतले अंतर. कंगोरे म्हणजे नळीच्या आत पिळाने गेलेल्या खाचांमधले उंचवटे. चाप ओढल्यावर गोळी एवढे अंतर सुटी जाते आणि मग कंगोऱ्यांत शिरते. याला ‘उडी’ म्हणायला काहीच हरकत नाही, इंग्रजीतही जवळपास तेच म्हणतात. हे माप त्या एका रायफलपुरते आणि त्या एका गोळीपुरते असते. कंगोऱ्यांना गोळी नेमकी टेकते तेव्हाची कमानीपर्यंतची लांबी आधी काढायची, आणि तिच्यातून आपल्या काडतुसाची तीच लांबी वजा करायची.

आता तुमचे वाक्य पुन्हा वाचा. इंग्रजी लेखात ‘डेप्थ अर्धा मिलिमीटर ठेवा’ अशा अर्थाचे काही असेल तर तिथे उडी अभिप्रेत असते. त्याचे ‘गोळी अर्धा मि.मी. खोल बसवा’ असे मराठी झाले तर गोळी पुंगळीच्या तोंडाशीच लटकेल. उलट दिशेची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही: गोळी ठरल्यापेक्षा जास्त आत गेली की दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो, गोळी कंगोऱ्यांना टेकवली तरीही दाब वाढतो. ‘कुठून कुठपर्यंत’ हे शब्द या विषयात काटकसरीने वापरू नयेत.

गळा आणि घसा यांबाबत मराठीची सोय चांगली आहे. पुंगळीचा जो बारीक भाग गोळीला धरतो तो ‘गळा’, आपण बाटलीचा म्हणतो तसाच. नळीत कंगोरे सुरू होण्याआधीचा जो आतला भाग तो ‘घसा’. घसा कधी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे गल्लत होणार नाही. पुंगळीचा ‘खांदा’ही तसाच सहज येतो.

एककांबद्दल. हे लोक इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, त्याला ‘थाउ’ लिहा. २० थाउ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ‘सूतभर आत’ असे ओघात लिहू नका. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, १२५ थाउ. सुताराच्या हाताखाली चालेल, इथे नाही. आणि बातम्यांत दिसणारा ७.६२ मि.मी. हा आकडा गोळीचा व्यास समजू नका. तो नळीतल्या समोरासमोरच्या कंगोऱ्यांमधला व्यास आहे; त्या नळीतली गोळी सुमारे ७.८२ मि.मी. असते, म्हणून तर ती कंगोऱ्यांत रुतते.

‘बुलेट’ला ‘गोळी’च ठेवा. बुलेट म्हणजेही मुळात फ्रेंच ‘लहान गोळा’, तेव्हा गोळा-गोळी ही जोडी तंतोतंत जुळते, गोळी आता कितीही टोकदार झाली तरी. पण बोलण्यात आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो, ते या टिपणात कटाक्षाने टाळा. पुंगळी, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी मिळून काडतूस. ‘काडतूस भरणे’ही जपून, कारण वाचणाऱ्याला ते बंदुकीत भरल्यासारखे वाटते. ‘ठासणीची बंदूक’ या जुन्या वळणावर ‘हातभरणीचे काडतूस’ मला आवडेल.

आणि ‘काडतूसाची’ नव्हे, ‘काडतुसाची’. शब्द पोर्तुगीजांकडून आला असला तरी सामान्यरूपात तो मराठी नियमानेच चालतो: फूल-फुलाचे यासारखा; कापूस-कापसाचे, माणूस-माणसाचे यांसारखा नाही. उकार जात नाही, फक्त ऱ्हस्व होतो.