वाचक विचारतात : नवा लॅपटॉप आणि लिनक्स

प्रश्न : कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतला नवा लॅपटॉप घेतला. मित्राकडे उबुंटू २४.०४ चा (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह होता, तो लावला. स्क्रीन उजळते, पण ब्राइटनेसची बटणं मेली आहेत आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. लॅपटॉप सदोष आहे का? विंडोजही ठेवायचं आहे.

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे, पेनड्राइव्ह म्हातारा आहे. मूळ २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, त्यात कर्नेल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, ६.८ आहे. तुमची चिप आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. तिच्या ग्राफिक्सचा एक्सई ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये ६.१२ पासून आपोआप सुरू होतो. तोवर फर्मवेअरने (मशीनमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरने) दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे चित्रासाठीच्या मेमरीवर, चित्र दिसतं, म्हणून ब्राइटनेस हलत नाही. २४.०४.२ मध्ये ६.११ आहे, २४.०४.३ मध्ये ६.१४. तेव्हा २४.०४.३ किंवा त्यापुढचंच उतरवा. फाइल सहा जीबीच्या आसपास असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डेबियनच (लिनक्सचा दुसरा प्रकार) हवं असेल तर १३ घ्या, त्यात ६.१२ आहे. १२ मधल्या ६.१ वर वेळ घालवू नका.

डिस्कचं दुखणं वेगळं असण्याची शक्यता जास्त. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू असेल, तर एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरच्या आड जाते. तिथे एएचसीआय ही साधी पद्धत निवडायची. पण थांबा, बहुतेकांचं विंडोज इथेच बसतं. क्रम असा ठेवा.

आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ तुम्हाला न विचारता चालू झालेलं असू शकतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली की म्हणजे कुलपाची किल्ली कपाटातच. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि उलगडणं पूर्ण होईपर्यंत थांबा. ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला ते विभाजन फक्त वाचता येतं. लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मोकळी करा.

आता एमएसकॉन्फिग (msconfig) हे विंडोजचं साधन उघडा, ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट – मिनिमल’ला टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये शिरा आणि एएचसीआय करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि लागणारा ड्रायव्हर स्वतः जोडून घेईल. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. ही पायरी गाळली की ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा येतो. तसं झालंच तर घाबरू नका, बायोसमधला बदल उलटा केला की विंडोज परत येतं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी असू द्या. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत व्हीएमडी-एएचसीआयचा पर्याय लपलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ टॅबवर कंट्रोल-एस दाबलं की तो दिसतो.

सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करायची घाई नको, उबुंटू त्यासह चालतं. पेनड्राइव्हच नाकारला गेला तर बायोसमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए’ला परवानगी आहे का पाहा. काही थिंकपॅडवर ती बंदच येते.

इन्स्टॉल करण्याआधी ‘ट्राय’ निवडून आवाज, कॅमेरा, वाय-फाय आणि झाकण लावल्यावरची झोप तपासा. वाय-फाय नसेल तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग बहुधा लगेच चालतं. कॅमेरा मात्र चिवट असतो. पातळ इंटेल लॅपटॉपांत तो अनेकदा यूएसबीवर नसून थेट प्रोसेसरच्या आयपीयूला (चित्र हाताळणाऱ्या भागाला) जोडलेला असतो, आणि तिथे लिबकॅमेरा या लिनक्सच्या कॅमेरा सॉफ्टवेअरची साखळी जुळल्याशिवाय चित्र येत नाही. रोज व्हिडिओ मीटिंग असेल तर विंडोज पुसायचं नाही, एवढं आमचं ऐका.

प्रश्न : झाकण लावून बॅगेत ठेवलं तरी लॅपटॉप तापतो, सकाळी बॅटरी रिकामी असते.

उत्तर : लिनक्समध्ये ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ (/sys/power/mem_sleep) ही फाइल वाचा. त्यात फक्त ‘एस२आयडल’ (s2idle, नवी हलकी झोप) असेल तर जुनी, गाढ एस३ झोप त्या फर्मवेअरमध्ये नाही, कुठल्याही आज्ञेने ती आणता येणार नाही. एस२आयडलमध्ये प्रोसेसर अगदी खोल अवस्थेत गेला तरच बॅटरी वाचते. एखादी एसएसडी किंवा यूएसबीचा डोंगल जागा राहिला की सगळं घर जागं. डोंगल काढून एक रात्र पाहा, बायोस अद्ययावत करा. हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं, हा दुसरा मार्ग. त्यासाठी १६ जीबी रॅम असेल तर स्वॅप (डिस्कवरची त्यासाठीची जागा) किमान तेवढाच ठेवा. मात्र सिक्युअर बूट चालू असताना उबुंटूचा कर्नेल हायबरनेट अडवतो, तेव्हा दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

प्रश्न : लिनक्स टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं.

उत्तर : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा एकदा द्या, म्हणजे तेही स्थानिक वेळच लिहील.

प्रश्न : स्नॅपड्रॅगन एक्स हा एआरएम प्रोसेसर असलेला लॅपटॉप लिनक्ससाठी घ्यावा का?

उत्तर : हौस असेल तर. नेहमीची इंटेल-एएमडीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) त्यावर सुरूच होत नाही, एआरएम६४ ची लागते. शिवाय त्या नेमक्या मॉडेलची डिव्हाइस ट्री फाइल (हार्डवेअरचं वर्णन) कर्नेलमध्ये असावी लागते, म्हणून एका कंपनीचं मॉडेल चालतं आणि शेजारचं काळा पडदा दाखवतं. वाय-फाय, ग्राफिक्सचं काही फर्मवेअर विंडोजच्या विभाजनातून काढून घ्यावं लागतं. ते काढण्याआधी डिस्क फॉरमॅट मारू नका.