वाचकांचे प्रश्न : मान्यता नाही, तरी सदस्यत्व कसे?

प्रश्न : तैवानला बहुतेक देश राष्ट्र म्हणून मान्यता देत नाहीत. तरीही तो जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे; जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत मात्र त्याला निरीक्षक म्हणूनही बसता येत नाही. असे का? मान्यता न देता इतर देश त्याला मदत करू शकतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : याचे कारण बरेचसे त्या त्या संस्थेच्या नियमांत आहे. व्यापार संघटनेत राष्ट्रांबरोबरच, स्वतःच्या परकीय व्यापाराचे निर्णय स्वायत्तपणे घेणाऱ्या सीमाशुल्क प्रदेशांनाही प्रवेश मिळतो. या तरतुदीच्या आधारे ‘तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश’ अशा लांबलचक नावाने तैवान १ जानेवारी २००२ रोजी सदस्य झाला. चीनने जेमतेम तीन आठवडे आधी प्रवेश केला होता.

आरोग्य संघटनेचे पूर्ण सदस्यत्व मात्र राष्ट्रांनाच मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७१ मध्ये ठराव क्रमांक २७५८ संमत करून तोवर तैवानच्या सरकारकडे असलेली चीनची जागा बीजिंगच्या सरकारला दिली. त्या ठरावात तैवानचे नावही नाही, पण तैवानचा प्रश्न त्यातच निकालात निघाला, असे चीन मानतो. अमेरिकेला हा अर्थ मान्य नाही. २००९ ते २०१६ या काळात तैवानला ‘चायनीज तैपेई’ या नावाने आरोग्य सभेचे निमंत्रण दर वर्षी मिळत होते, कारण तेव्हा बीजिंगची हरकत नव्हती. २०१६ मध्ये त्साई इंग-वेन तैवानच्या अध्यक्ष झाल्यावर चीनशी संबंध बिघडले आणि २०१७ पासून निमंत्रण बंद झाले. करारात लिहिलेले सदस्यत्व असे काढून घेता येत नाही, म्हणून दर वर्षी नव्याने मागाव्या लागणाऱ्या निमंत्रणापेक्षा ते कितीतरी भक्कम ठरते. त्यासाठी नावाच्या बाबतीत मात्र पडते घ्यावे लागते. आशियाई विकास बँकेचा १९६६ पासूनचा संस्थापक सदस्य असूनही, १९८६ मध्ये चीन आत येताच तैवानचे नाव ‘तैपेई, चीन’ असे झाले. तैवानने निषेध नोंदवला, पण बँक सोडली नाही, आणि हे शहाणपणाचेच झाले.

मदतीचे म्हणाल, तर तैवानशी राजनैतिक संबंध असलेले देश आरोग्य सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या सहभागाचा विषय घालण्याचा प्रस्ताव मांडत आले आहेत; पण २०२४ च्या जानेवारीत नाऊरूने साथ सोडल्यावर असे बाराच उरले, त्यामुळे प्रस्ताव चर्चेआधीच बारगळतो. याहून उपयोगी मार्ग सहकार्याचा आहे. अमेरिका आणि तैवान यांनी २०१५ मध्ये प्रशिक्षणाचा एक संयुक्त उपक्रम सुरू केला; सार्वजनिक आरोग्यासारख्या विषयांवरील त्याच्या कार्यशाळांना इतर देशांचे तज्ज्ञ येतात आणि पुढे जपान व ऑस्ट्रेलियाही त्यात भागीदार झाले. यातून मतदानाचा हक्क मिळत नाही, पण साथरोगाच्या वेळी लागणाऱ्या ओळखी मात्र तयार होतात.

भारतानेही मान्यता न देता १९९५ मध्ये तैपेईत कार्यालय उघडले, आणि तैवानचे आर्थिक व सांस्कृतिक केंद्र २०२४ पासून मुंबईतही आहे. हे संबंध द्विपक्षीय आहेत. जागतिक संस्थांतील जागेसाठी त्यांचा थेट उपयोग होत नाही.