ब्लँकेटं दुसऱ्यांना मोजू दे

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत आहे. सहा वर्षांच्या ड्यूटीनंतर क्रिटिकल केअरमधलं नर्स प्रॅक्टिशनरचं (जास्तीचं शिकून उपचारातले काही निर्णय स्वतः घेणाऱ्या नर्सचं) एम.एस्सी. केलं. आता मेट्रनबाई म्हणतात, ‘इनचार्ज हो.’ डॉक्टर म्हणतात, ‘तू राउंडला हवीस.’ काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इनचार्ज होऊ नकोस, निदान लगेच तरी. मी अकरा वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज, होते. सकाळी ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घ्यायचा, ऑफ-ड्यूटी (कुणाची पाळी, कुणाची सुट्टी) लावायची, इंडेंट (सामानाची मागणी) भरायचा, मग डेड स्टॉकचं (टिकाऊ सामानाचं) रजिस्टर. एकदा सात ब्लँकेटं कमी भरली. दोन दिवस मी लाँड्रीच्या फेऱ्या मारत होते. चार नंबरच्या बेडवरच्या आजोबांच्या कमरेखाली पडून पडून लाल चट्टा उठला होता, तो मला तिसऱ्या दिवशी दिसला. तोवर कातडी गेली होती.

अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन) ही आपली शिडी. पायरी चढली की पेशंट हातभर लांब. तुझा कोर्स दोन वर्षांचा, त्यातला चार पंचमांश वेळ पेशंटजवळ. इंग्लंडमध्ये 2017च्या आराखड्यात अशा प्रगत कामाचे चार खांब ठरवले : रुग्णसेवा, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. चारही एकाच माणसाच्या नोकरीत. तसंच पद माग.

पण लेखी माग. हुद्दा काय, मेट्रनबाईंना कशासाठी विचारायचं आणि आयसीयूच्या डॉक्टरांना कशासाठी, पेशंटला व्हेंटिलेटरवरून उतरवताना तू स्वतः किती पुढे जाऊ शकतेस, हे सगळं सही-शिक्क्याच्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये (डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) हवं. ‘तू बघून घे गं’ एवढ्या तोंडी भरवशावर रात्री दोनला काही करायचं नाही. अंगाशी आलं की ते वाक्य कुणालाच आठवत नाही.

सोबत इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत खुर्ची माग आणि एकच काम अंगावर घे : व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा न्यूमोनिया. तो टाळायला बेडची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचललेली हवी, हे सगळ्यांना पाठ असतं. बेडच्या कडेला अंशांची खूण असते. भेटीची वेळ संपली की एक चक्कर मार आणि ती वाच. नातेवाइकांनी ‘जरा आडवं करा’ म्हटलेलं असतं, सिस्टरनं केलेलं असतं, परत वर करायचं राहिलेलं असतं. महिनाभर हे वहीत लिही. कमिटीत ती वही उघडलीस की मोठे डॉक्टरही ऐकतात.

आणि हो, यातलं काहीही डॉक्टरांशी बोलण्याआधी मेट्रनबाईंना भेट. दिवाळीची रजा त्यांच्याच पेनातून उतरते.