भाड्याची ई-स्कूटर धडकली, पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : वकीलताई, मुलगा पुण्यात शिकतो. ॲपवरून तासाच्या भाड्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन क्लासला निघालेला, कर्वे रोडला एका आजींना धक्का लागला आणि त्यांचं मनगट मोडलं. तो म्हणतो ब्रेकच नीट लागला नाही. आता आजींच्या घरचे हॉस्पिटलचं बिल मागतायत, वर कंपनीचा मेसेज आलाय की डॅमेजचे १८ हजार भरा, अटी तुम्ही मान्य केल्यात. आम्ही नक्की किती आणि कोणाला द्यायचे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, आधी मुलाला फोन करून एवढंच विचारा, गाडीला नंबर प्लेट होती का? अख्खं प्रकरण तिथेच फिरतं.

नंबर असेल तर थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे गाडीमुळे तिसऱ्याच कोणाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा, आणि आजी म्हणजे थर्ड पार्टी. त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, तिथे मुलगा, गाडीची मालक कंपनी आणि विमा कंपनी तिघंही पार्टी होतात, आणि गाडी भाड्याने दिलेली होती एवढ्यावरून विमावाल्यांना हात वर करता येत नाहीत. हाड मोडलं म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत, तिथे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख मागता येतात. मुदत मात्र अपघातापासून ६ महिन्यांची आहे हे त्यांनाही सांगा. मुलाकडे लायसन्स नसेल तर अवघड, विमा कंपनी आजींना पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते आणि मालक मग तुमच्या दारात.

बिननंबरची असेल तर खरी पंचाईत. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असला की कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही, म्हणजे आरटीओ नाही, लायसन्स नाही आणि सक्तीचा विमाही नाही. पोरं यावरच खूश असतात पण धडक बसली की भरपाई दिवाणी कोर्टात आणि खिशातून. निष्काळजीपणे चालवल्याची पोलीस केस तरीही होऊ शकते.

१८ हजारांचं म्हणाल तर लगेच भरू नका. करारात आकडा लिहिलाय म्हणून तेवढेच द्यायचे असं नसतं, नुकसानीच्या मानाने वाजवी तेवढेच, तेव्हा दुरुस्तीचं बिल, फोटो आणि त्या गाडीचं सर्व्हिसिंग रेकॉर्ड ईमेलवर मागा. आणि ॲपमधली अट तुमच्यात आणि कंपनीत, ती आजींना लागू होत नाही, त्यामुळे ब्रेक खराब निघाला तर कंपनीलाही सुटका नाही. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. राइड सुरू केल्याचा स्क्रीनशॉट मुलाने अजून डिलीट केला नसेल अशी आशा आहे!

आजींना भेटायला जरूर जा, फळं न्या, पण तिथे कोणी स्टॅम्प पेपर पुढे केला तर सही न करता फोटो काढून मला पाठवा.