आठवीच्या मुलांना कॉपीराइट कसा शिकवावा? 'सौजन्य : गूगल' लिहिलं की चालतं, असं त्यांना ठाम वाटतं.

आमच्या सांगलीच्या शाळेतही प्रत्येक प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर हेच असतं, स्केचपेनने दोनदा अधोरेखित केलेलं. चित्र गूगलने काढलेलं नसतं, हे मुलांना लगेच पटतं. नाव दिलं तरी परवानगी घ्यावी लागते, हे मात्र पटत नाही.

कायद्याच्या व्याख्येने सुरुवात करूच नका. मी वर्गात विचारतो, "तुझा निबंध एखाद्या गाइडवाल्याने तुला न विचारता छापून विकला, खाली नाव तुझंच ठेवलं, तर चालेल?" वर्ग पेटतो. मग सांगायचं की निबंध कागदावर उतरला त्या क्षणापासून त्याचा हक्क तुझा, नोंदणी करावीच लागते असं नाही. मात्र 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय कुणाच्याच मालकीचा नाही. हक्क असतो तो मांडणीवर, कल्पनेवर नाही.

मुदतीचा भाग फळ्यावर वजाबाकी-बेरीज मांडून रंगतो. आपल्याकडे 1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं मोजतात. उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली घ्या. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल 1916 साली गेले, त्यांची नाटकं केव्हाच मुक्त झाली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले, म्हणजे 2029 अखेरपर्यंत थांबा. गदिमा 1977 साली गेले, तिथे 2037. "जुनं आहे म्हणजे फुकट" हा समज इथेच गळतो. एक बारकावा जरूर सांगा : देवलांची संहिता मुक्त असली तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा त्यांच्या पदांचं अलीकडचं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं.

"तीस सेकंदांपर्यंतचं गाणं चालतं" असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. "आम्ही पैसे कमवत नाही" एवढंही पुरत नाही.

आता गॅदरिंग. नाट्यपंढरी सांगलीत हा प्रश्न येणारच. शाळेच्या कार्यक्रमात मुलं-शिक्षक नाटक करतात आणि समोर फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतात, तेव्हा कलम 52 सवलत देतं. तिकीट लावून गावाला बोलावलं किंवा चित्रफीत यूट्यूबवर चढवली की तो आडोसा गेला, मग लेखकाची परवानगी हवी. आमच्याकडे भांडणं होतात ती याच अपलोडवरून.

उलट टोकाची भीतीही मुलांच्या डोक्यात घालू नका. शिकवताना उतारा वापरणं, प्रश्नपत्रिकेत कविता छापणं याला कायद्यात स्पष्ट मोकळीक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (प्रकाशकांनी तिथल्या झेरॉक्स दुकानावर भरलेला खटला) 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी केलेल्या उताऱ्यांच्या संचांनाही ही सवलत मिळू शकते, असं मानलं. अख्ख्या कादंबरीची पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं यात बसत नाही, आणि ते बऱ्याचदा आपल्यातलेच सर-मॅडम करतात.

प्रकल्पाच्या चित्रांसाठी मुलांना विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त चित्रांचा ऑनलाइन संग्रह दाखवा. तिथे प्रत्येक चित्राखाली परवान्याच्या अटी लिहिलेल्या असतात. त्या वाचून चित्रकाराचं नाव आणि परवाना वहीत उतरवायला लावा. यावर गुण ठेवले की मुलं ते मनापासून करतात, नाहीतर 'सौजन्य : विकिमीडिया' सुरू होतं.