बोअरला पेट्रोलचा वास आणि मुलीचा हट्ट

ताई, नमस्कार.

मुलगी पुण्यात भूशास्त्र घेऊन टी. वाय.ला आहे. चार वर्षांपूर्वी तुमच्या गल्लीतल्या बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, आणि तेव्हापासून जमिनीत मुरलेलं पेट्रोल शोधून काढायचं काम करायचं, असं तिनं मनाशी धरलंय. तुम्हाला वाटतं तिनं बी.एड. करावं. ‘असल्या कामाला पगार कोण देतं?’ असं तुम्ही विचारलंय.

ज्याची टाकी गळते तो देतो. तेल कंपन्या, डेपो, कारखाने. शिवाय जुन्या कारखान्याची जागा घेणारेही देतात, कारण आत काय मुरलंय हे मोठी कंपनी व्यवहाराआधी तपासून घेते. ही कामं सल्लागार कंपन्यांकडे जातात आणि त्यांना भूशास्त्र शिकलेली माणसं लागतात. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियमही काढले आहेत. खर्च प्रदूषण करणाऱ्याच्या माथी. म्हणून उद्यापासून नोकऱ्यांचा पाऊस पडेल असं मात्र समजू नका. हे क्षेत्र आपल्याकडे अजून लहान आहे.

यात भूशास्त्र कशाला, असं वाटेल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाली झिरपून भूजलावर तरंगत राहतं. त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि ते कर्करोग करणारं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम बेंझीन दहा हजार लिटरचे दहा टँकर त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. वाळूच्या जमिनीत ते कुठे सरकेल याचा अंदाज बांधता येतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून पळतं. पेट्रोल पंपाशेजारची विहीर स्वच्छ आणि दोन गल्ल्या पलीकडची बाद, असंही होतं. ती भेग कुठून कुठे जाते हे ओळखणं, हेच तुमच्या मुलीचं शिक्षण.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं काम मी साइटवर जाऊन पाहिलंय. बोअरमध्ये फीतवाला सेन्सर सोडायचा; तेल लागलं की एक आवाज, पाणी लागलं की दुसरा. दोन्हींतलं अंतर म्हणजे तरंगणाऱ्या पेट्रोलचा थर. मग ४० मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरायची, इतकी की पाणी तोंडावर फुगून दिसावं. झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला की नमुना बाद, कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं. भर उन्हात तिनं चार बाटल्या फेकल्या, पाचवी बर्फाच्या पेटीत ठेवली. ही चिकाटी अंगात असेल तरच या वाटेला जावं. सफाईचंही तसंच: वरचं पेट्रोल ओढून काढायचं, मातीतली वाफ पंपाने खेचायची, पाण्याखाली हवा सोडून मातीतल्याच जिवाणूंना ते खायला लावायचं, आणि वर्षानुवर्षं ठरावीक महिन्यांनी तेच नमुने.

आधी एम.एस्सी. करू द्या, भूजलशास्त्रावर भर देऊन, आणि रसायनशास्त्राशी नातं तोडू नका म्हणावं. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या प्रकल्पांतल्या तात्पुरत्या जागांवर नजर ठेवावी, पगार बेताचा पण हात बसतो. सुट्टीत क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर, शिकायला पैसे लागत नाहीत.

‘मुलीनं एकटीनं साइटवर राहायचं का?’ ही तुमची काळजी फाजील नाही. सुरुवातीची वर्षं ड्रिलिंग मशीनशेजारी जातात. मुक्काम कुठे, सोबत कोण, स्वच्छतागृह आहे का, हे मुलाखतीतच विचारायला तिला शिकवा. जी कंपनी या प्रश्नाने कपाळाला आठ्या घालते, तिथे जाऊ नये.

आणि ते बोअर अजून वापरात असेल तर आधी पिण्यातून बंद करा. उकळून घेऊ असं म्हणू नका. उकळताना बेंझीन स्वयंपाकघरातल्या हवेत येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अर्ज मुलीलाच लिहू द्या.