आधी मूठ बघा

घडीच्या चाकूंचा संग्रह करायचा तर पहिला चाकू बीच या झाडाच्या लाकडाच्या मुठीचा घ्या. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा उत्तम. लाकूड भिजलं की फुगतं आणि पातं उघडायला जड जातं, म्हणून तो पाण्यात बुडवू नका, पुसून घ्या. मग खाचा पाडून रंगवलेली, गुराच्या हाडाची मूठ. वापरून वापरून ती इतकी सुरेख गुळगुळीत होते!

सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, मुठींचे रंग भुरळ घालतात, पण त्या वेगळ्या आणि हवेशीर जागीच ठेवा. सेल्युलॉइड विघटित होऊ लागलं की त्याच्या वाफांनी शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. बंद डबा तर मुळीच नको.

सांबरशिंग कितीही देखणं वाटलं तरी भारतात घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल. कार्बन स्टीलच्या पात्याला अधूनमधून तेलाचा हात द्या.